कब्रस्तानातली मोठी माणसं

पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर ज्याची गाडी रखडली आणि तरीही ज्याने इस्रायली कब्रस्तान पाहिलं नाही, असा माणूस सबंध कुलाबा जिल्ह्यात शोधून सापडला नसता. रायगड हे नाव अजून जिल्ह्याला मिळायचं होतं, त्या सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. याचं सगळं श्रेय माझ्या घरमालकांचं. ते एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे पगार बंद झाला एवढंच; बाकी सकाळी आंघोळ करून, डोक्याला काळी टोपी लावून ते स्टँडवर हजर व्हायचे आणि नव्या नियंत्रकाच्या खिडकीशेजारी बाकावर ठाण मांडायचे. कशेडी घाटात ट्रक आडवा झाल्याची किंवा आंबेनळीत महाबळेश्वरची गाडी बंद पडल्याची बातमी आली, की प्रवासी कपाळाला हात लावत आणि आमच्या घरमालकांच्या चेहऱ्यावर लग्नघरची कळा येई. गाडीला निदान दोन तास आहेत असा अंदाज घेऊन ते त्यातल्या त्यात सज्जन दिसणाऱ्या प्रवाशाजवळ सरकत आणि विचारत, "बसून पाय अवघडले असतील. जरा आमच्या सुभेदारांना भेटून येता का?" सुभेदार म्हणजे कोणी पेन्शनर असतील, चहा तरी मिळेल, या हिशेबाने माणूस उठायचा. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या दोन झाडांखाली, दगड रचून केलेल्या गडग्याच्या आत सुभेदार आडवे झालेले पाहूनच त्याला खरा प्रकार कळायचा. पण तोवर फार उशीर झालेला असे.

मी तिथल्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक म्हणून आलो तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नवीन भाडेकरूला लोक विहीर दाखवतात, न्हाणीघर दाखवतात. यांनी माझी वळकटी ओटीवर टाकायला लावली आणि म्हणाले, "चला मास्तर, आधी शेजार कसा आहे ते बघून घ्या." घर त्या टोकाचं शेवटचं, आणि त्यापुढे कब्रस्तानच. तिथे त्यांनी माझी एकेका कबरीशी रीतसर ओळख करून दिली. "हे आमचे नवे मास्तर. वाईकडचे आहेत. स्वभावाने बरे वाटतात." मग दगडाकडून काही उत्तर आल्यासारखं ते क्षणभर थांबले आणि पुढच्या कबरीकडे वळले. मी वाईकडचा, स्वभावाने बरा वाटणारा माणूस त्या रात्री दाराला आतून दोन कड्या लावून झोपलो.

पुढे सवय झाली. घरमालक बेने इस्रायल समाजातले, म्हणजे कोकणातले जुने यहुदी. एके काळी तिथे त्यांची बरीच घरं होती. तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मग कोणी मुंबईला गेलं, कोणी थेट इस्रायलला. घरमालकांची बायको वारली होती, एकुलती मुलगी लग्न होऊन इस्रायलला गेली होती. गावात उरले हे एकटे, आणि गडग्याच्या आत बाकीचे. त्यामुळे असेल, पण त्या लोकांबद्दल बोलताना त्यांच्या व्याकरणात भूतकाळच नव्हता. "सुभेदार फार तापट आहेत," "बाळंतपणात हन्नाबाईंचा हात हलका आहे," असंच ते म्हणत. नवख्या माणसाची यात फार फसगत व्हायची. आमच्या शाळेतल्या एका बाईंची सून अडली होती. घरमालकांच्या तोंडून ऐकून त्या हन्नाबाईंना बोलावायला निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत गाठून, हन्नाबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली हे सांगायची पाळी माझ्यावर आली.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते खोबरेल तेलाचा दिवा लावत आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पुन्हा विस्तवाला हात लावत नसत. दुसऱ्याला काम सांगायचं, तेही त्यांच्या मते कामच. पण चहाची तल्लफ काही शनिवार पाळत नाही. मग सकाळी ते माझ्या खिडकीसमोर येऊन उभे राहत आणि आंब्याच्या झाडाकडे बघत म्हणत, "स्टोव्ह अगदी गारठून गेलाय." मी मुकाट्याने जाऊन स्टोव्ह पेटवायचो. एकदा मी मुद्दामच जागचा हललो नाही. थोडा वेळ वाट बघून ते म्हणाले, "दूधही आलंय." आणखी थोड्या वेळाने, "साखर कालच आणली." शेवटी मी उठलो तेव्हा मात्र ते घाईघाईने म्हणाले, "मी काही सांगितलं नाही हां मास्तर. मी आपलं घरातलं वर्तमान बोलत होतो."

सुभेदारांच्या गोष्टीत एक बंदुकीची गोळी असायची. ती कुठल्याशा लढाईत त्यांच्या खांद्यातून आरपार गेली आणि त्यांनी नुसतं 'हं' केलं. काही दिवसांनी एका प्रवाशाला सांगताना मी ऐकलं, तर गोळ्या तीन झाल्या होत्या. प्रवासी गेल्यावर मी म्हटलं, "काका, मला सांगताना तर एकच होती." ते शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला शाळेला उशीर होत होता." कोपऱ्यातल्या तेल्याच्या बैलाची गोष्ट तर लांबच्या गाडीच्या प्रवाशांसाठीच राखून ठेवलेली असे. तेली वारल्यावर त्याचा बैल सावित्रीपलीकडच्या एका शेतकऱ्याने विकत घेतला. बैल गुणी, पण शनिवार आला की जोत खांद्यावर असताना नांगरटीत फतकल मारून बसायचा. मारून पाहिलं, गोंजारून पाहिलं, पेंड दाखवली. शेवटी शेतकऱ्यानेच शनिवारची नांगरट सोडून दिली. "बैलाने धर्म सोडला नाही," घरमालक म्हणायचे, आणि हे म्हणताना इस्रायलला गेलेल्या आपल्या चुलतभावांकडे त्यांचा रोख आहे की काय, असं मला वाटून जाई.

एका कबरीपाशी मात्र त्यांची गाडी अडायची. ती होती शाळामास्तरांची. तिथे ते टोपी सारखी करत, दगडावरचा पाचोळा हाताने बाजूला करत आणि एवढंच म्हणत, "हे मास्तर." मी एकदा पुढे विचारलं तर म्हणाले, "मास्तरांचं वाढवून सांगता येत नाही. ते खालून माझ्या चुका काढतील."

त्यांचं हाडवैर होतं ते वाडीतल्या बायजाआजीशी. तिच्या शेळ्यांना कब्रस्तानातलं गवत फार आवडे. घरमालक काठी घेऊन धावत आणि आजी गडग्यावर बसून सांगे, "चरू द्या की वो. तुमाला कापाया नको नि कुनाला सांगाया नको. तुमची मान्सा काय गवात खातात काय?" यावर बरेच दिवस वाटाघाटी होऊन असं ठरलं, की शेळ्यांनी चरावं, पण सुभेदारांच्या अंगावर चढू नये, कारण सुभेदार तापट आहेत. आजीने हे मान्य केलं. पुढे एखादी शेळी त्या बाजूला वळलीच तर घरमालकांच्या आधी आजीच ओरडायची, "गो रांडे, तिकडं सुभेदार हाय!"

असं सगळं सुरळीत चाललं असताना हमरस्ता रुंद करायचं निघालं. महाडला औद्योगिक वसाहत उभी राहत होती, ट्रकांची वर्दळ वाढली होती. एका सकाळी मोजणीची माणसं आली आणि त्यांनी लाल रंग दिलेल्या खुंट्या ठोकल्या. त्यातल्या काही गडग्याच्या आत होत्या. एक तर हन्नाबाईंच्या उशाशीच.

घरमालक त्या दिवशी स्टँडवर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कशेडीत दरड येऊन गाड्यांची रांग लागली, स्टँड प्रवाशांनी फुलून गेला, तरी हे घराच्या पायरीवर बसून खुंट्यांकडे बघत होते. मी अर्ज करू म्हटलं. आम्ही केला. तहसील कचेरीत गेलो, तिथून महाडला प्रांतसाहेबांकडे गेलो. सगळे सभ्यपणे बोलले. सभ्यपणे बोलतात तेव्हा काम होत नसतं, हे घरमालकांना सरकारी नोकरीने शिकवलं होतं. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "मास्तर, उचलायचं म्हटलं तर कुणाकुणाला उचलू? आणि न्यायचं कुठे? त्यांना दुसरं गाव माहीतच नाही." मुलीच्या पत्राच्या उत्तरात ते दरवेळी 'इथलं आवरलं की येतो' असं लिहीत. इथलं असं आवरेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

शेवटी एक इंजिनियरसाहेब प्रत्यक्ष पाहणीला आले. तरुण होते, चष्मा होता, बोलणं मऊ. घरमालकांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मी सोबत होतो. साहेबांची जीप पाहून रस्त्यावरची माणसं थांबली, वाडीतली आली, बायजाआजी शेळ्यांसकट गडग्याशी उभी राहिली. साहेब आत फिरले आणि म्हणाले, "काका, मला तुमच्या भावना कळतात. पण मला वर काहीतरी कारण लिहून द्यावं लागेल. इथे कुणा नामवंत व्यक्तीची कबर आहे का?"

मी सुटकेचा श्वास टाकला. सबंध जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला याहून योग्य माणूस नव्हता. आता सुभेदारांना निदान सात गोळ्या लागणार, अशी माझी खात्री होती.

घरमालकांनी विचारलं, "नामवंत म्हणजे?"

"म्हणजे इतिहासात नाव आहे, सरकारदरबारी नोंद आहे, असं कुणी."

घरमालकांनी एकेका कबरीकडे पाहिलं. टोपी काढून हातात घेतली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाही साहेब. तसं कुणी नाही."

मी त्यांना कोपराने ढोसलं. ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "गाडीची वाट बघणाऱ्याला वाढवून सांगणं वेगळं, मास्तर. हे लिहून घेतायत. यांच्या नावावर खोटं कसं सांगू?"

साहेबांनी मान हलवली, त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. ते जीपकडे वळले तेव्हा गडग्यावरून आवाज आला, "कोन नाय म्हंतो?"

बायजाआजी होती. "नाय कसा? हन्नाबाय हाय ना हितं. माजा जल्म तिच्या हातचा हाय, सायेब. माज्या पोरांचा बी. आडवा आलेला पोर, डाक्तर नाय, गाडी नाय, पावसात नदी भरलेली. ती बाय पोटाशी कंदील धरून आली. हिला नाव नाय म्हंता?"

साहेब थांबले. तेवढ्यात एक शेतकरी पुढे झाला आणि खाकरून म्हणाला, "त्या तेल्याचा बैल तर आमच्याकडंच व्हता." तो सावित्रीपलीकडच्या त्याच शेतकऱ्याचा नातू निघाला. त्याने गोष्ट सांगितली, आणि घरमालक सांगत त्यात एका अक्षराचीही भर नव्हती. बैल खरंच शनिवारी बसायचा. गेली कित्येक वर्षं मी जे ऐकून हसत होतो ते खरं होतं. उलट नातवाने एक जास्तीचं सांगितलं, "अजून बी आमी शनवारी जोत नाय धरत. बैल गेला, पन घरात रीतच पडली."

लोक हसले, साहेबही हसले. हसणं ओसरल्यावर तहसील कचेरीतले एक कारकून पुढे आले. बौद्धवाडीतले, अबोल गृहस्थ. रोज सायकलवरून त्याच रस्त्याने जायचे, पण कब्रस्तानापाशी त्यांना थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते शाळामास्तरांच्या कबरीजवळ जाऊन उभे राहिले. "माझे वडील लहान होते तेव्हाची गोष्ट आहे साहेब. शाळेत आमच्या मुलांना बाहेर बसवायचे. या मास्तरांनी वडिलांना संध्याकाळी आपल्या घरी बोलावलं, ओटीवर आपल्या मुलाशेजारी बसवलं आणि बाराखडी शिकवली. शेजारी बसवून, साहेब. वडील शेवटपर्यंत दुसरं काही सांगायचे नाहीत, एवढंच सांगायचे. त्या अक्षरांवर आमच्या घरात नोकऱ्या आल्या. सरकारदरबारी मास्तरांची नोंद आहे की नाही मला माहीत नाही. माझी आहे. ती यांच्यामुळे."

घरमालकांचे डोळे भरून आले होते आणि ते टोपीच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. त्या मुलाशेजारी म्हणजे कुणाशेजारी, हे मला तेव्हा कळलं. मास्तर त्यांचे वडील होते. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. तिकडे डोंगराचा उतार आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. म्हणाले, "रस्ता थोडा त्या अंगाला घेता येईल का, ते बघतो. वचन देत नाही. पण आज जे ऐकलं ते सगळं लिहितो." मग जीपमध्ये बसता बसता हळूच विचारलं, "ते बैलाचं खरंच ना?"

पावसाळाभर काही कळलं नाही. घरमालक रोज सकाळी खुंट्या जागेवर आहेत का ते बघायचे, आणि त्या असायच्या. मी त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलायचो. शनिवारी स्टोव्ह आपणहूनच पेटवायचो. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी मी शाळेतून येत होतो, तर घरमालक रस्त्याच्या मधोमध उभे. एका ट्रकवाल्याला त्यांनी थांबवून ठेवलं होतं आणि तो मागून भोंगे वाजत असताना निमूटपणे सुभेदारांबद्दल ऐकत होता. मी धावतच गेलो. मोजणीची माणसं येऊन गेली होती. खुंट्या पलीकडे, करवंदीत गेल्या होत्या. मी ट्रकच्या चाकापाशी खालीच बसलो. इतके दिवस माझ्या खांद्यावर काही ओझं होतं, हे ते उतरल्यावर मला समजलं.

त्यांनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता. भिजवलेले गोडे पोहे, नारळ, गूळ, केळी, वेलदोडा. सगळी वाडी आली. बायजाआजीने दोनदा घेतला आणि म्हणाली, "तुमच्या देवाला चव कळते." त्या रात्री घरमालक असे घोरत होते की भिंतीपलीकडे मला झोप लागली नाही, आणि त्याचंही मला बरंच वाटलं.

मग त्यांनी मुलीला कळवलं, येतो. गवताचं काम रीतसर बायजाआजीच्या शेळ्यांवर सोपवलं आणि ते इस्रायलला कायमचे म्हणून गेले. मला फार एकटं वाटू लागलं. पण पुढच्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर घरी येतो तर ओटीवर मोठी बॅग, आणि घरमालक झोपाळ्यावर बसलेले.

"काय झालं काका?"

"काही झालं नाही. मुलगी चांगली, जावई चांगला. नातवंडं माझं ऐकत नाहीत, पण इथली पोरं तरी कुठे ऐकतात. सगळं उत्तम आहे."

"मग?"

ते थोडा वेळ झोके घेत राहिले. "तिथे सगळेच यहुदी आहेत, मास्तर. कुणाला काय नवल सांगायचं? आणि तिथल्या गाड्या वेळेवर सुटतात."

मी हसलो. नंतर एकदा सहज विचारलं, मुलीची आठवण येते का. तेव्हा मात्र त्यांनी विनोद केला नाही. "रोज येते. पण पूर्वी आठवण आली की काळजी वाटायची. आता तिचं स्वयंपाकघर बघून आलोय. ती कुठल्या खिडकीशी उभी राहून भाजी चिरते ते मला माहीत आहे. आता नुसती आठवण येते."

पुढे माझी महाडला बदली झाली. पहिली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी जात असे, मग संसार वाढला आणि जाणं कमी झालं. ते गेल्याचं मला उशिरा कळलं, तेही पोलादपूरच्या एका कंडक्टरकडून. त्याच रविवारी मी गेलो. रुंद झालेल्या रस्त्यावरून ट्रक धडधडत होते. आत आंब्याखाली, मास्तरांच्या शेजारी, अजून दगड न बसवलेला मातीचा उंचवटा होता. बायजाआजी आता पार वाकली होती. ती म्हणाली, "बरा मरान आला. सकाळी चा घेतला, टोपी घातली, नि बाकावर बसल्याबसल्याच गेला. मुंबैची मान्सा आली परार्थनेला. आमी सगली व्हतो."

ती शेळ्या घेऊन गेली. मी तिथेच थोडा वेळ बसलो. ऊन उतरत होतं, कुणीच काही सांगत नव्हतं, आणि मला मात्र इतक्या वर्षांत ऐकायची सवय होऊन बसली होती.